नकाशा फुगवतो, धावपट्टी अडवते

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात अगदी उत्तरेला दोन गावं आहेत: कॉर्नवॉलिस बेटावरचं रेझोल्यूट आणि एल्समीर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ग्रीस फियॉर्ड. प्रत्येकाची वस्ती दोनशेच्या आत. मध्ये रस्ता नाही आणि समुद्र वर्षातले बरेच महिने गोठलेला. त्यामुळे अंतर मोजायचं ते विमानाच्या हिशेबाने, आणि या हिशेबात भलेभले चुकतात.

पहिली चूक नकाशामुळे होते. आपल्या ओळखीचा मर्केटरचा नकाशा विषुववृत्तापासून लांब जावं तसतसा ताणला जातो. या गावांच्या अक्षांशावर, म्हणजे ७५-७६ अंशांवर, हा ताण जवळपास चौपट असतो. विषुववृत्तावरच्या प्रमाणाने पट्टी लावली तर अंतर दीड हजार किलोमीटर भरतं. खरं अंतर आहे साधारण ३८०. दोन्ही गावांच्या रेखांशांत सुमारे १२ अंशांचा फरक आहे. मुंबईच्या अक्षांशावर तेवढ्याचे साडेबाराशे किलोमीटर झाले असते. या गावांपाशी मात्र एक अंश म्हणजे जेमतेम २८ किलोमीटर.

मग थोडं वाचलेला माणूस म्हणतो, विमान सरळ जातच नाही, वर्तुळाकार वळून जातं. मुंबई-न्यूयॉर्कसाठी हे लागू पडतं. इथे मात्र नकाशावरची सरळ रेघ आणि सर्वांत जवळचा मार्ग यांत एक किलोमीटरचाही फरक नाही. गंमत दिशेची आहे: रेखांश ध्रुवाकडे इतके एकवटलेले असतात, की या छोट्याशा जवळच्या मार्गावरही खऱ्या उत्तरेपासून मोजलेली दिशा ११ अंशांहून जास्त बदलते. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने होकायंत्रावर भरवसा नाही. म्हणून कॅनडाच्या या उत्तर हवाई क्षेत्रात दिशा खऱ्या उत्तरेवरूनच मोजतात, अगदी धावपट्ट्यांचे क्रमांकसुद्धा.

सगळ्यात हट्टी समज असा, की हवाई अंतर म्हणजेच प्रवासाचं अंतर. नुनावुतची राजधानी इकालुइत ग्रीस फियॉर्डपासून सरळ मोजली तर सुमारे १,५०० किलोमीटर. पण ग्रीस फियॉर्डची नियमित विमानसेवा रेझोल्यूटहून असते, आणि त्या वाटेने गेलं तर १,९५० किलोमीटरच्या आसपास होतात. हे साडेचारशे किलोमीटर एका धावपट्टीमुळे वाढतात. ग्रीस फियॉर्डची पट्टी खडीची आणि जेमतेम अर्धा किलोमीटर लांब, शेजारी डोंगर. तिथे ट्विन ऑटरसारखं छोटं, आखूड पट्टीवर उतरणारं विमानच चालतं.

वस्ती इथे का, हेही विचारायला हवं. १९५३ साली कॅनडा सरकारने क्विबेकमधल्या इनुकजुआकहून इनुइट कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला आणून या दोन जागी वसवली. २०१० साली सरकारने त्याबद्दल माफी मागितली.

ट्विन ऑटरला रेझोल्यूटहून ग्रीस फियॉर्डला पोचायला साधारण दीड तास लागतो. वारा डोंगरावरून खाली आला किंवा ढग उतरले, तर वैमानिक न उतरता परत फिरतो, आणि प्रवासी हवामान निवळेपर्यंत रेझोल्यूटमध्येच थांबतात.