ही माझी जागा!

विद्वान माणसाची फजिती हा विनोदाचा फार जुना विषय आहे. समर्थांनी 'दासबोधा'त पढतमूर्खासाठी एक सबंध समास खर्ची घातला, आणि पुढे आमच्या नाटकांतून व गोष्टींतून विसरभोळे प्रोफेसर किती येऊन गेले याची तर गणतीच नाही. हे प्रोफेसर घटकाभर हसवीत आणि आत निघून जात. अशा माणसाला मध्यभागी बसवून बारा वर्षे लोकांना हसवीत ठेवण्याचा उद्योग मात्र अमेरिकन दूरचित्रवाणीने केला. 'द बिग बँग थिअरी' ही मालिका तेथील सीबीएस वाहिनीवर २४ सप्टेंबर २००७ रोजी सुरू झाली आणि १६ मे २०१९ रोजी संपली. भाग झाले २७९. तिच्यातले पदार्थविज्ञानाचे पंडित डॉ. शेल्डन कूपर हे या लेखाचे नायक.

मालिकेच्या नावाचीही एक गंमत आहे. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला या सिद्धान्ताला 'बिग बँग' हे नाव दिले ते त्याच्या विरोधकाने! फ्रेड हॉइल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४९ साली बीबीसीवरच्या एका भाषणात हा शब्द वापरला आणि त्याला न पटणाऱ्या सिद्धान्ताला तोच कायमचा चिकटला. या हॉइलचे शिष्य म्हणजे आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. २०२५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. गुरूप्रमाणे त्यांनाही तो महास्फोट कधी पुरता पटला नाही. असो.

शेल्डन मूळचा टेक्ससचा. आई कमालीची धर्मनिष्ठ. अकराव्या वर्षी हा कॉलेजात गेला आणि सोळाव्या वर्षी डॉक्टर झाला. पुढे पॅसाडीना येथील 'कॅल्टेक' या नामांकित संस्थेत संशोधक. लेनर्ड नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर तो चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारतीची लिफ्ट बंद आहे, आणि ती अशी वर्षानुवर्षे बंद राहते की आमच्या गिरगाव-दादरच्या मंडळींना एकदम घरच्यासारखे वाटावे! पहिल्याच भागात समोरच्या बिऱ्हाडात नव्याने आलेली पेनी सोफ्याच्या एका टोकाला बसते, तर हा तिला उठवतो. का? तर ती त्याची जागा. हिवाळ्यात तेथे बेताची ऊब मिळते, उन्हाळ्यात दोन खिडक्यांमधला वारा येतो आणि दूरचित्रवाणीचा पडदा डोळ्यांना नेमक्या कोनात पडतो. जेवणाचे वार ठरलेले, कपडे धुण्याची रात्र ठरलेली. दारावर तीनदा टकटक आणि प्रत्येक वेळी आतल्या माणसाच्या नावाचा पुकारा. मित्राबरोबर एका घरात राहायचे तर त्याचाही कलमवार करार!

हे काम करणारा जिम पार्सन्स नाट्यशिक्षण घेतलेला नट आहे. या भूमिकेने त्याला चार एमी पारितोषिके मिळवून दिली. पण त्याच्या तोंडचे शास्त्र मात्र अस्सल. डेव्हिड सॉल्ट्झबर्ग नावाचे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक संहिता तपासून देत आणि मागच्या फळ्यावरची समीकरणेही तेच पुरवीत. हसणाऱ्या प्रेक्षकांपैकी ती किती जणांना कळत असतील? तरी ती खरी असावीत असा आग्रह धरणारा माणूस मला शेल्डनचाच भाऊ वाटतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतो.

आता मी या मालिकेच्या नादी का लागलो ते सांगतो. माझे सारे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. शास्त्राशी माझा संबंध नाही. पण माझ्या पुतणीचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ. डब्यात भाजीचा रस पोळीला लागला की डबा तसाच परत येतो. गुरुजींनी फळ्यावर चुकीचे साल लिहिले तर हा उभा राहून दुरुस्त करतो, आणि गुरुजींना ते आवडेल असेही त्याला मनापासून वाटते. वर्गातली मुले त्याला 'शेल्डन' म्हणू लागली. पुतणी एक दिवस मला म्हणाली, "काका, ही स्तुती समजायची का टवाळी?" मला उत्तर येईना. म्हणून मी पहिल्या भागापासून पाहायला बसलो.

आरंभीचे भाग पाहून मी 'टवाळी' असेच सांगितले असते. मालिकेचे चित्रण प्रेक्षकांसमोर होत असे, आणि शेल्डनने तोंड उघडण्याचा अवकाश की हशा. दिल्लीहून आलेल्या राजच्या तोंडी घातलेले हिंदुस्थानविषयीचे विनोद तर मला शिळेच वाटले. शिवाय शास्त्रज्ञ म्हणजे पुरुष, आणि समोरची देखणी मुलगी उपाहारगृहात वाढपी, ही मांडणी सुधारायला दोन-तीन वर्षे जावी लागली. पुढे एमी ही मेंदूविज्ञानाची अभ्यासक आली. ती रंगवणारी मायिम बियालिक हिने २००७ साली त्याच शास्त्रात खरोखरची डॉक्टरेट मिळवली आहे.

पण एका प्रसंगाने मी सावरून बसलो. कोणत्याही चुंबकाचे दोन तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला पुन्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतातच. एकाच ध्रुवाचा कण असू शकेल असे डिरॅक यांनी १९३१ साली गणिताने दाखवले. १४ फेब्रुवारी १९८२ रोजी स्टॅनफर्ड येथे ब्लास काब्रेरा यांच्या यंत्रावर तशी एक खूण उमटली. एकच, पुन्हा कधीही नाही. याच कणाच्या शोधात शेल्डन तिघा मित्रांना घेऊन तीन महिने उत्तर ध्रुवाकडे जातो, आणि यश मिळाल्याचे साऱ्या सहकाऱ्यांना पत्रांनी कळवतो. परत आल्यावर खरे कळते. त्याच्या जाचाला कंटाळून मित्रांनीच डबे उघडण्याचे विजेचे यंत्र चालवून खोट्या खुणा उमटवल्या होत्या! शेल्डनला माघार घ्यावी लागते, संस्थेत त्याचे हसे होते आणि तो आईकडे टेक्ससला निघून जातो. प्रेक्षक हसत होते. मला हसू आले नाही. ज्याला खोटे खपत नाही त्याच्याच नावावर खोटे चिकटवले गेले. मित्रांनाही ते कळते आणि ते त्याला आणायला थेट त्याच्या माहेरी जातात. परत तो येतो ते मात्र त्यांच्या विनवणीने नव्हे. आई म्हणते, उत्क्रांतीविषयी ज्याचे त्याचे मत. हा म्हणतो, ते मत नाही, सत्य आहे. ती म्हणते, हेही तुझे मतच! झाले, गाठोडे बांधून स्वारी परत.

आणखी एक भाग डिसेंबर २००८ चा. पेनी आपल्याला नाताळची भेट देणार हे कळताच शेल्डनपुढे संकट उभे राहते. शेजारणीचे फराळाचे ताट रिकामे परत कसे पाठवावे, या आपल्या गृहिणींच्या पेचासारखेच ते. तो स्नानसामग्रीच्या लहानमोठ्या टोपल्या आणून ठेवतो. तिची भेट पाहून तेवढ्याच किमतीची पुढे करायची, हिशेब चुकता! पेनी देते एक कागदी हातपुसणे. त्यावर शेल्डनचे दैवत, 'स्टार ट्रेक'मधला नट लेनर्ड निमॉय याची सही आहे आणि त्याने त्याला तोंडही पुसले आहे. शेल्डन सगळ्याच टोपल्या आणून तिच्यापुढे मांडतो, तरी हिशेब पुरा होत नाही. शेवटी अंगाला कुणी लागलेले न खपणारा हा माणूस अवघडून तिला मिठी मारतो.

त्या तीन टकटकींचे कारण तर थेट दहाव्या पर्वात कळते. लहानपणी एकदा न कळवता दार उघडल्यामुळे त्याला वडील परस्त्रीबरोबर दिसले होते. पहिली टकटक रिवाजाची. पुढच्या दोन आतल्या माणसाला सावरायला वेळ मिळावा म्हणून. नऊ वर्षे ज्या सवयीला आपण हसलो ती अशी निघाली.

अशा स्वभावाला हल्ली डॉक्टरी नाव विचारण्याची रीत आहे. हे पात्र कोणतेही निदान मनात धरून लिहिलेले नाही, असे निर्मात्यांनी सांगितले आहे. त्यात त्यांची सोयही आहे. नाव नसले की हसायला मोकळीक! ज्या घरात खरी अडचण आहे तेथे डॉक्टरांकडे जावे, मालिकेकडे नव्हे. मालिकेत पाहण्यासारखे आहे ते भोवतालच्या माणसांचे वागणे. ती शेल्डनवर रागावतात, त्याला तोंडावर बोलतात, दार आपटून जातात, आणि संध्याकाळी जेवायला पुन्हा त्याच सोफ्याभोवती जमतात.

हे सारे मी पुतणीला सांगितले. म्हटले, नावात काय आहे. वर्गात त्याच्याबरोबर डबा खायला कोण बसते तेवढे बघ. चौकशी केली तर दोघे बसतात, असे निघाले. खुद्द चिरंजीवांचे म्हणणे मात्र वेगळेच होते. "आजोबा, शेल्डन नुसता फळ्यावर लिहितो. मला प्रयोग करायला आवडतात. मी लेनर्ड आहे."

अखेरच्या भागात शेल्डन आणि एमी यांना नोबेल पारितोषिक मिळते. बारा वर्षे बंद असलेली लिफ्टही त्याच भागात चालू होते, आणि एवढा बदल एकदम सोसवत नाही म्हणून शेल्डन कासावीस होतो! स्टॉकहोमच्या समारंभात तो लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवतो आणि श्रोत्यांत बसलेल्या एकेका मित्राला नाव घेऊन उभे राहायला सांगतो. सगळे उभे राहतात. शेवटच्या दृश्यात मंडळी पुन्हा पॅसाडीनाच्या त्याच खोलीत रात्रीचे जेवत बसलेली आहेत, आणि शेल्डन आपल्या जागेवर आहे.