उतरलेले वजन परत का चढते?

"डाएट केले, पाच किलो उतरले; सहा महिन्यांत होते तिथेच आले." वस्तीत ही तक्रार नेहमी ऐकू येते. मागोमाग टोमणाही येतो, "जिभेवर ताबा नाही!" हा टोमणा अन्यायाचा आहे. वजन झपाट्याने उतरले की शरीर त्याला उपासमार समजते. भूक वाढते आणि शरीर शक्ती जपून खर्च करू लागते. म्हणून वजन उतरवण्यापेक्षा टिकवणे अवघड असते.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. तथागतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही. जेवणाची मात्रा ओळखण्याचे महत्त्व एका गाथेत सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा शिकून रोज जेवताना म्हणायला लावली. हळूहळू आहार नाळीभर भातावर आला आणि अंग हलके झाले. सावकाश, रोज आणि कुणाच्या तरी सोबतीने, हेच खरे सूत्र आहे.

अमेरिकेत १९९४ पासून 'नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री'मध्ये किमान साडेतेरा किलो वजन उतरवून वर्षभर टिकवणाऱ्यांची नोंद होते. त्यांतल्या बहुतेकांच्या सवयी साध्या आहेत : सकाळची न्याहारी, रोज तासभर चालणे किंवा व्यायाम, आठवड्याला एकदा तरी वजन आणि टीव्ही कमी.

आपल्या घरात काय करता येईल?

• दिवसाला ४ कप चहा, कपात २ चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. ती २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा.

• ताटात भात थोडा कमी. मटकी, मूग, डाळ, अंडे, पालेभाजी जास्त. पोट बराच वेळ भरलेले राहते.

• घरातल्या बाईने "वाया नको" म्हणून सगळ्यांचे उरलेसुरले खाऊ नये. स्वयंपाकच मोजून करा आणि सगळे सोबत जेवा.

• दर रविवारी वजन करून वहीत लिहा. दोन किलो वाढले की लगेच सावध व्हा, दहा किलोंची वाट पाहू नका. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

चालायचे कुठे, हा आपल्या भगिनींचा खरा प्रश्न आहे. गल्ली अरुंद, संध्याकाळी अंधार. म्हणून पाच-सहा जणींनी मिळून विहाराच्या आवारात चालावे. वर्गणी काढून विहारात एक वजनकाटा ठेवावा. नगरसेवकाकडे रस्त्यावरच्या दिव्यांची मागणी करावी. तीही आरोग्याचीच मागणी आहे.

मधुमेह किंवा बीपीची गोळी चालू असेल तर वजन उतरल्यावर डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका. गरोदर भगिनींनी डाएट करू नये. काही न करता वजन घटत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर आनंद मानू नका, सरकारी दवाखान्यात जाऊन टीबीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.

जयभीम! नमो बुद्धाय!