हलका हवा, हलणारा नको!

मिडियम फॉरमॅटचा फिल्म कॅमेरा, पाठीवर सॅक आणि समोर खडा चढ... अशा वेळी ट्रायपॉड कुठला घ्यायचा? दहा फ्रेम्स वाया घालवून आलेलं हे शहाणपण!

‘हललाय.’

लाइटबॉक्सवर वाकलेल्या बाबांनी डोळ्याची लूप बाजूला केली आणि एवढंच म्हणाले. पुढची फ्रेम. ‘हीपण.’ त्याच्या पुढची... दहाच्या दहा फ्रेम्स हललेल्या! कोकणकड्यावरचा सूर्यास्त, त्यासाठी मारलेली दांडी, पाचनईपासूनची चढण... सगळं पाण्यात.

थांबा, थोडा फ्लॅशबॅक. बाबांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. १९८८ मध्ये त्यांनी सेकंडहँड मामिया आरबी ६७ घेतला आणि मुंजी, लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो सगळं त्यावर काढलं. २०११ मध्ये स्टुडिओ बंद झाला, कॅमेरा कपाटात गेला. कॉलेजात असताना बाबा हरिश्चंद्रगडावर गेले होते. ‘या कॅमेऱ्यातून तो कडा घ्यायचा होता गं. पण लग्नसराईत रविवार कुठला मिळायला?’ आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मग जाणार कोण? अस्मादिक!

कॅमेऱ्याबरोबर बाबांनी स्टुडिओतला ‘स्टँड’ही काढून दिला. बॅग तोलायच्या हुक-काट्याला तो अडकवला तर साडेपाच किलो! कॅमेरा, ९० एमएमची लेन्स आणि फिल्म बॅक मिळून अडीच किलोच्या वर. त्यात पाणी, स्लीपिंग बॅग, डबा... मी काय हमाल आहे?

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये मी स्मार्टपणा केला. सव्वा किलोचा चकाचक ट्रायपॉड घेतला. खोक्यावर छापलं होतं, वजन पेलण्याची क्षमता आठ किलो. माझा कॅमेरा तर तीनसुद्धा नाही. म्हणजे प्रश्नच मिटला, नाही का?

तर मंडळी, इथेच आपण फसतो. खोक्यावरचा आकडा सांगतो, किती वजनाला पाय दगा देणार नाहीत. किती वजनाला फोटो हलणार नाही, हे तो सांगत नाही. शिवाय हा आकडा काढायची सगळ्या कंपन्यांची पद्धत एकसारखी नसते. पडणं आणि थरथरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आरबी ६७ थरथरतो! आतला मोठा आरसा वर जाताना असा काही ‘खटॅक’ आवाज होतो की शेजारचा दचकतो. १/३० पासून एक सेकंदापर्यंतच्या स्पीडला हा धक्का सगळ्यात जास्त नडतो. शटर आठ-दहा सेकंद उघडं असेल तर सुरुवातीची थरथर त्यात विरून जाते. मी संध्याकाळच्या उजेडात १/८ वर होते. वर कड्यावरचा वारा, आणि उंची हवी म्हणून मी ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण वर खेचलेला. अजून काय हवं होतं?

बाबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. चार दिवसांनी फोनवर म्हणाले, ‘स्टँड हलका घे, पण आधी कॅमेऱ्याला विचार, त्याला काय पाहिजे.’ मग आम्ही दोघांनी खरंच यादी केली. आणि गंमत म्हणजे वजन यादीतच उतरत गेलं.

पहिली गोष्ट, उंची. या कॅमेऱ्यात वरून खाली डोकावून बघतात. म्हणजे ट्रायपॉड डोळ्यापर्यंत यायची गरजच नाही, छातीपर्यंत आला की झालं. मधला दांडा न वापरता सव्वा मीटर मला भरपूर.

दुसरी, हेड. आरबीमधलं ‘आरबी’ म्हणजे रिव्हॉल्व्हिंग बॅक. १९७० मध्ये हा कॅमेरा आला तेव्हापासून त्याची हीच खासियत. उभा फोटो हवा असेल तर कॅमेरा आडवा पाडायचा नाही, मागची फिल्म बॅक फिरवायची. मग तीन-तीन दांड्यांचं जडशीळ हेड कशाला? अर्ध्या किलोचा दणकट बॉल हेड पुरतो. फक्त स्क्रू सैल करताना एक हात कॅमेऱ्यावर हवाच, नाहीतर तो धाडकन मान टाकतो!

तिसरी, पाय. १९९४ मध्ये गित्झो कंपनीने फोटोग्राफीसाठी कार्बन फायबरचे ट्रायपॉड आणले. आज बऱ्याच कंपन्या ते बनवतात. कार्बन ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि थरथरही लवकर जिरवतो. पाकिटाला मात्र कात्री लागते! इथे पायांचे कप्पे मोजा. तीन कप्प्यांचा पाय मिटल्यावर लांब राहतो, पण त्याची शेवटची नळी पाच कप्प्यांच्या पायासारखी काडीएवढी होत नाही. मी वरची नळी २८ मिलिमीटरची, तीन कप्प्यांचा आणि मधला दांडा नसलेला ट्रायपॉड निवडला. हेडसकट दोन किलो. साडेतीन किलो एका झटक्यात कमी!

तो घ्यायला मी कॅमेरा घेऊन मुंबईत फोर्टच्या बोरा बझारला गेले. दुकानात ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला, व्ह्यूफाइंडरमधलं भिंग उघडलं, समोरच्या पाटीवर फोकस केला आणि पायाला टिचकी मारली. काचेवरची पाटी किती वेळ नाचते ते बघायचं. एका मॉडेलवर ती नाचतच राहिली, दुसऱ्यावर लगेच थांबली. काउंटरवरचे काका हसत होते. हसू देत!

नोव्हेंबर २०२४. पुन्हा पाचनई, पुन्हा कोकणकडा. या वेळी ट्रायपॉडचे पाय पसरून सॅक खाली अडकवली. तीही अशी की तिचं बूड जमिनीला टेकेल, नाहीतर वाऱ्यात सॅकच झोके घेते. लेन्सवरचा नॉब ‘एम’वर फिरवला. बॉडीचं बटण दाबलं, आरसा ‘खटॅक’ करून वर गेला. दहा आकडे मोजले. मग लेन्सला लावलेली केबल रिलीज हळूच दाबली. एक बारीकशी ‘टिक’. बस्स.

रोल धुऊन आला तो घेऊन मी थेट सातारा गाठलं. बाबांनी लूप लावली. बराच वेळ काही बोलेनात. माझ्या पोटात गोळा! मग लूप न उचलताच म्हणाले, ‘कड्याच्या काठावर गवत आहे बघ. काडी न् काडी मोजता येतेय.’ आणि आईला हाक मारली, ‘अगं, इकडे ये, इथे झोपलो होतो आम्ही!’

खरेदीला निघण्यापूर्वी...

* कॅमेरा बरोबर न्या. त्याच्याशिवाय ट्रायपॉड घेणं म्हणजे पाय घरी ठेवून चप्पल घेणं!
* तुमच्याकडे यशिका मॅट १२४जीसारखा दोन लेन्सचा कॅमेरा असेल तर नशीबवान आहात. वजन किलोच्या थोडं वर आणि आरसा जागचा हलतच नाही. तुम्हाला आणखी हलका ट्रायपॉड चालेल.
* हॅसलब्लाड ५०० सी/एम असेल तर ८० एमएम लेन्ससकट वजन साधारण दीड किलो. पण आरसा यातही उडतो, तेव्हा आधी आरसा वर, मग शटर.
* पायांचं आणि हेडचं वजन एकत्र विचारा. जाहिरातीत बरेचदा फक्त पायांचं असतं.
* बजेट कमी असेल तर जुना ॲल्युमिनियमचा, पण जाड नळ्यांचा घ्या. अर्धा-पाऊण किलो जास्त उचलू, पण फोटो हलणार नाही.
* केबल रिलीज विसरू नका. सगळ्यात स्वस्त तीच, आणि घरी राहते तीही तीच!

बाबांचा स्टँड? तो हॉलमध्ये आहे. त्याला सध्या दिव्याची शेड लावलीय. पुढच्या महिन्यात त्यांना राजमाची हवाय. ‘सूर्योदयाचा घे,’ म्हणालेत. पहाटे चारचा अलार्म लावणारं कुणी भेटेल का?