मुंबई : कापसाचे बंदर, गाण्याचे घर

मुंबईच्या गाण्याला पहिला भक्कम आधार मिळाला तो कापसाच्या पैशाचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. मग पुलगाव-हिंगणघाटकडच्या गाठीही बंदराकडे धावू लागल्या. शहरात शेठ-व्यापारी गब्बर झाले, त्यांच्या दिवाणखान्यांत बैठकी रंगू लागल्या. संस्थानांचा आश्रय आटत चालला होता, तेव्हा उत्तरेतले गवई इकडे वळले.

छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ असेच मुरादाबादकडून येऊन भेंडीबाजारात राहिले. त्या वस्तीचेच नाव त्यांच्या घराण्याला लागले. मेरुखंड, म्हणजे स्वरांचा क्रम बदलत गाण्याची पद्धत, ही त्यांची खासियत. सा, रे, ग, म हे चार स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन क्रम बदलत गेले, तर 24 रचना होतात. सातही स्वर घेतले, तर 5,040. हे गणित गळ्यावर चढवायचे आणि तरीही राग कोरडा पडू द्यायचा नाही, यात वर्षानुवर्षांची मेहनत आहे. अंजनीबाई मालपेकर आणि अमान अली खाँ यांनी ती परंपरा पुढे नेली.

भेंडीबाजारातून गिरगाव पायी जाण्याइतके जवळ. वाळकेश्वरला जन्मलेले, पेशाने वकील असलेले संगीत-अभ्यासक भातखंडे देशभर हिंडले आणि घराण्यांच्या तिजोरीतल्या बंदिशी त्यांनी छापून सर्वांसाठी खुल्या केल्या. मराठी माणसाने संगीतावर केलेले याहून मोठे उपकार सांगता येणार नाहीत. गायक पलुस्करांनी 1908 मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढले. ऑपेरा हाऊसजवळच्या प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत कुमार गंधर्व घडले.

गोव्याहून आलेले वादक चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले होते. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी गाजली आणि कोकणी कामगारांचा शक्ती-तुरा हा गाण्यांचा सामना चाळींत घुमला.

गाण्याची ही मुंबई पाहणे आता सोपे आहे : संध्याकाळी पुलगावहून विदर्भ एक्सप्रेसने निघालेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो. भेंडीबाजार आणि गिरगाव एका दिवसात पायी होतात. 2016 मध्ये पुन्हा उघडलेले रॉयल ऑपेरा हाऊसही याच वाटेवर आहे. चौपाटी, राणीची बाग पुढच्या खेपेला पाहता येईल. या खेपेला संध्याकाळ राखून एक मैफल ऐकावी आणि मगच परतीची गाडी धरावी.