सुक्या मासळीवरची माशी: फवारा नको, जाळी हवी

मंडळींनो, पुरुमेंताचे दिवस आले. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणजे पावसात सुक्या मासळीवरच भागवायचे. आणि नेमकी आत्ताच वाळवणावर माशी घोंगावते.

आधी माशी ओळखा. करडी, पाठीवर चार काळे पट्टे, ती घरमाशी. घाणीवरून उठून जंतू घेऊन येते. तिच्याहून मोठी, हिरवी-निळी चकाकणारी ती दुसरी. मासळीत अळ्या पडतात त्या बहुतेक हिच्यामुळे. ओल्या कल्ल्यांत, पोटात ती अंडी घालते आणि उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या बाहेर!

म्हणून एवढे करा:

• आतडी-कल्ले काढून मासळी धुवा, लगेच मीठ चोळा. मीठ मुरेपर्यंत भांडे झाकलेले हवे.
• रेतीवर पसरू नका. मचाण बांधा, वर मच्छरदाणीचे कापड ताणा. मासेमारीच्या जाळ्याची भोके मोठी, माशी आत शिरते. कापड मासळीला टेकू देऊ नका.
• आतडी, खवले रोजच्या रोज खोल पुरा. उकाड्यात आठ-दहा दिवसांत माशीची नवी पिढी तयार होते. घाणच नसली तर ती वाढणार कुठे?

शेवटचे, हात जोडून सांगतो: मासळीवर कीटकनाशक मारू नका. माशी मरेल, पण विष मासळीतच राहील आणि आपल्याच पोरांच्या ताटात येईल. गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही.