पुढचा ब्रेक आणि ओला रस्ता (‘दोन चाकांचं शहाणपण’, लेखांक 9)

टायरमधल्या हवेवरचा गेल्या आठवड्याचा लेख वाचून काही वाचकांनी एकच प्रश्न विचारला: पावसात अचानक थांबायची वेळ आली तर नेमका कोणता ब्रेक लावायचा? प्रश्न वेळेवर आला आहे. आज त्याचंच उत्तर, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या पडण्यापासून.

जुलैची सकाळ होती. गंगापूर रोडवर जेहान सर्कलच्या थोडं अलीकडे मी ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने चाललो होतो. पाऊस असा नव्हताच, नुसती झिमझिम. पुढच्या रिक्षाला कडेला प्रवासी दिसला आणि ती जागच्या जागी थांबली. मी लहानपणापासूनच्या सवयीने डाव्या हातातला मागचा ब्रेक करकचून आवळला. मागचं चाक फिरायचं थांबलं, सायकल मात्र थांबली नाही. चाक घसरत उजवीकडे निघालं. तोल सावरायला मी हँडल डावीकडे ओढलं, तेवढ्यात पुढचं चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चढलं. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की मी रस्त्यावर बसलो होतो, रेनकोटची बाही कोपरापाशी फाटली होती आणि मागच्या दुचाकीचं चाक माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

त्या तीन सेकंदांत माझ्याकडून तीन चुका झाल्या. त्यातली पहिली चूक मात्र मला शिकवली गेली होती. आपल्याकडे सायकल शिकवताना मोठी माणसं पहिल्याच दिवशी बजावतात, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.’ आपल्याकडूनही पुढे मुलांना हेच सांगितलं जातं. सांगणाऱ्याचं प्रेम खरं असतं, पण सल्ला अर्धाच आहे आणि पावसात हे अर्धेपण महागात पडतं.

सायकल थांबू लागली की भार पुढे सरकतो. बस अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसंच. नेहमी मागच्या चाकावर निम्म्याहून थोडा जास्त भार असतो. ओल्या रस्त्यावर नेटाने थांबताना तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. ज्या चाकावर भार इतका कमी उरला, ते रस्त्याला काय धरणार? ते अडकतं आणि घसरतं. माझं तेच झालं.

गणित साधं आहे. ताशी 20 किलोमीटर वेग असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा माणूस सव्वातीन मीटरच्या आसपास थांबतो. रस्ता ओला झाला की तेच अंतर सहा मीटरच्या घरात जातं. त्याच ओल्या रस्त्यावर फक्त मागचा ब्रेक लावला तर दहा मीटरही पुरत नाहीत. शिवाय समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या सेकंदात सायकल आणखी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. वेग 30 वर नेला तर थांबायचं अंतर दीडपटीने नव्हे, सव्वादोन पटींनी वाढतं. हे आकडे पाठ करायची गरज नाही. रिक्षाची लांबी अडीच-पावणेतीन मीटर असते. ओल्या रस्त्यावर मधे निदान चार रिक्षा मावतील एवढी जागा सोडून चाला, म्हणजे हिशेब आपोआप जमतो.

आणि हा सगळा हिशेब ब्रेक लागतो असं धरून आहे. पावसात खरा घात तिथेच होतो.

जुन्या घोडासायकलींची, म्हणजे अजूनही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्या अनेक कामगारांच्या सायकलींची रिम पोलादी असते, वर चकचकीत मुलामा. कोरड्यात तिच्यावर ब्रेकचं रबर बऱ्यापैकी धरतं. ओली झाली की पकड कोरड्याच्या दहाव्या हिश्श्यावर येते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये याच्या चाचण्या झाल्या होत्या. फ्रँक व्हिट आणि डेव्हिड विल्सन यांच्या ‘बायसिकलिंग सायन्स’ या ग्रंथात त्या आल्या आहेत. ब्रेक पूर्ण दाबून धरल्यावर चाकाचे तीसेक फेरे होईपर्यंत रबर नुसतं पाणी पुसत राहतं, त्यानंतर कुठे ते धरू लागतं. चाकाचा एक फेरा सव्वादोन मीटरचा धरला, तरी साठ मीटरहून जास्त रस्ता ब्रेक दाबलेला असूनही ब्रेकविना जातो. अॅल्युमिनियमच्या रिमला हा त्रास बराच कमी होतो, डिस्क ब्रेकला नाममात्र. पण डिस्क असलेल्यांनीही लक्षात ठेवावं की डिस्क फक्त चाक थांबवते. सायकल थांबवतो तो रस्ता, आणि तो सगळ्यांचा सारखाच ओला आहे. उलट डिस्कने चाक पटकन अडकतं, म्हणून ओल्यात बोटांना जास्तच हळुवारपणा हवा.

यावरचा उपाय फुकटचा आहे. चौक, उतार, शाळा, बसथांबा जवळ आला की त्याच्या पन्नास-साठ मीटर आधीपासून दोन्ही ब्रेक नुसते टेकवून ठेवायचे, वेग कमी करण्यासाठी नव्हे, रिम पुसण्यासाठी. रबर आणि रिम यांचा सर्र सर्र आवाज आधी मऊ येतो, मग खरखरीत होतो. तो खरखरीत झाला की समजायचं, आता ब्रेक आपला. पोलादी रिमवाल्यांनी पावसाळ्यात हे दर पाच मिनिटांनी करावं. शक्य असेल त्यांनी दिवाळीची वाट न बघता रिम बदलून अॅल्युमिनियमची घ्यावी. आणि घरातल्या कर्त्या माणसाची कामावर जायची सायकल पोलादी रिमची असेल, तर मुलाच्या गिअरच्या सायकलीआधी तिच्यावर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता टायर. पाण्याच्या थरावर सायकल तरंगते आणि म्हणून घसरते, अशी एक समजूत आहे. गाड्यांच्या बाबतीत ती खरी ठरू शकते. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी एक सूत्र मांडलं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढून नऊने गुणा, म्हणजे कोणत्या वेगाला चाक पाण्यावर तरंगेल ते नॉटमध्ये कळतं. दाब 40 पौंड धरला तर उत्तर ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. त्या वेगाने सायकल कोण चालवणार? शिवाय सायकलचा टायर अरुंद आणि गोल, तो पाणी सहज कापतो. म्हणून डांबरी रस्त्यावर टायरच्या नक्षीचं फार कौतुक नको. नक्षी कामाला येते ती चिखलात. डांबरावर धरतं ते रबर, म्हणून वर्षानुवर्षं उन्हात उभ्या सायकलचा कडक, भेगाळलेला टायर पावसाआधी बदलावा.

मग आपण घसरतो कशावर? पाण्यावर नव्हे, पाण्याने ओल्या झालेल्या दुसऱ्याच कशावर तरी. इथे नाशिकचा पाऊस समजून घ्यावा लागतो. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, नाशिक शहराच्या वाट्याला त्याच्या चौथाईइतका येतो, तोही बराचसा भुरभुरत. मुसळधार सरी रस्ता धुऊन काढतात. भुरभुर रस्ता धूत नाही, नुसता कालवते. मार्च ते मे साचलेली धूळ, गाड्यांतून ठिबकलेलं तेल, टायरच्या रबराचा कीस, या सगळ्याचा ती लेप करते. म्हणून जूनचा पहिला पाऊस, आणि नंतरही चार दिवसांच्या उघडिपीनंतरची पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. ती पंधरा मिनिटं चहाच्या टपरीवर काढली तर काही बिघडत नाही.

जागाही ओळखून ठेवाव्या लागतात. औद्योगिक वसाहतींच्या रस्त्यांवर कारखान्यांतला लोखंडाचा कीस नेणाऱ्या टेम्पोंतून तेल ठिबकतं. पाऊस पडला की त्याचा सप्तरंगी तवंग दिसतो, आणि तो दिसला की तिथे ना ब्रेक, ना वळण. गिरणारे रस्त्यावर सकाळच्या राइडला जाणारे खूप आहेत. ऑगस्टपासून टोमॅटोचा हंगाम सुरू होतो, क्रेट भरलेल्या पिकअप धावतात आणि चाकाखाली चिरडलेल्या टोमॅटोचा लगदा पावसात साबणासारखा होतो. गोदावरीचा पूर ओसरल्यावर दुतोंड्या मारुतीच्या परिसरात गाळ राहतो. वरून वाळल्यासारखा दिसतो, आत लोण्यासारखा असतो. त्यात चेंबरची लोखंडी झाकणं, पुलांवरचे लोखंडी सांधे, झेब्रा क्रॉसिंगचे आणि गतिरोधकांचे जाड रंगाचे पट्टे यांची भर. ओल्या लोखंडावर आणि रंगावर पकड ओल्या डांबराच्याही खूप खाली असते. अशा जागा टाळता आल्या तर टाळाव्यात. नाही आल्या तर त्याआधीच वेग कमी करून, ब्रेक सोडून, पायडल थांबवून, हँडल सरळ धरून वरून जाऊ द्यावं. साचलेल्या डबक्यात काय आहे ते दिसत नाही, म्हणून तिथे खड्डाच आहे असं धरून चालावं.

आता प्रत्यक्ष थांबणं. मराठीत आपण ‘ब्रेक मारला’ म्हणतो, आणि बोलतो तसंच करतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायचा नसतो, लिंबू पिळताना दाब वाढवत नेतो तसा तो दाबत न्यायचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हातात पुढचा ब्रेक आणि डाव्यात मागचा असतो. काहींना उलट असतं, म्हणून आपल्या सायकलचं आधी बघून घ्यावं. अचानक काही आडवं आलं तर पायडल मारणं थांबवा, सीटवर मागे सरका, हात ताठ करा, हँडल सरळ ठेवा आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबत न्या. भार पुढे येईल तसा पुढच्या ब्रेकचा वाटा वाढवा. मागचं चाक हा आपला पहारेकरी आहे. ते घसरू लागलं किंवा हलकं वाटलं की दोन्ही हात किंचित सैल करायचे, चाक फिरू लागलं की पुन्हा दाबायचं. अडकलेल्या चाकापेक्षा फिरतं चाक रस्ता जास्त धरतं. आणि मागचं घसरलं तरी सायकल सरळ असेल तर सावरता येतं. पुढचं घसरलं तर सहसा सावरत नाही. म्हणूनच पुढचा ब्रेक वापरायचा जरूर, पण हळुवार, सरळ रेषेत आणि स्वच्छ डांबरावर.

सरळ रेषेतच का? टायरची पकड म्हणजे एक भाकरी समजा. थांबणं आणि वळणं हे तिचे दोन वाटेकरी. कोरड्यात भाकरी मोठी असते, दोघांचं भागतं. ओल्यात ती निम्मी होते. मी अख्खी भाकरी थांबण्याला दिली आणि वरून हँडल ओढून वळणाचाही वाटा मागितला. ही माझी दुसरी चूक. आधी वेग उतरवायचा, ब्रेक सोडायचा, मग वळायचं. उंटवाडीचं वळण असो की मुंबई नाक्याचं, क्रम बदलत नाही. आणि मागचं चाक उजवीकडे गेलं तर ब्रेक सैल करून हँडलही अलगद उजवीकडेच जाऊ द्यायचं. मी नेमकं उलट केलं. पांढरा पट्टा तर नुसतं निमित्त झाला.

तिसरी चूक रिक्षाच्या अगदी मागे चालण्याची. रिक्षाचालक प्रवासी बघून थांबणारच, ती त्याची रोजीरोटी आहे. त्याचा ब्रेकलाइट चिखलाने माखलेला असतो, हे पावसाळ्यात गृहीतच धरावं. शिवाय आपण कचकन थांबलो तरी मागचा थांबू शकेलच असं नाही, त्याचाही रस्ता तितकाच ओला. म्हणून हळूहळू, आधीपासून कमी होत जाणारा वेग मागच्यालाही सावध करतो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 4,800 हून जास्त सायकलस्वारांचा जीव गेला, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यात पावसाचा वाटा किती हे वेगळं मोजलेलं नाही, पण रोज रस्त्यावर असणाऱ्याला तो जाणवतो.

हे शहर सायकलींचं आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. 2015 मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दरवर्षी आषाढीच्या आधी, नेमकं पावसाच्या तोंडावर, नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. पण सायकल चालवणारे सगळे वारकरी किंवा शर्यतवीर नसतात. पहाटे पाळीला जाणारा कामगार, दूध टाकणारा मुलगा, क्लासला जाणारी मुलगी, हे पावसातही घरी थांबू शकत नाहीत. त्यांना ब्रेक कसा दाबावा हे कुणी शिकवत नाही.

म्हणून एक विनंती. या रविवारी सोसायटीच्या आवारात किंवा कॉलनीतल्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर दोन बादल्या पाणी ओता. खडूने रेघ मारा. चालण्याच्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगाने या आणि रेघेवर ब्रेक दाबायला सुरुवात करा: आधी फक्त मागचा, मग दोन्ही. प्रत्येक वेळी कुठे थांबलात तिथे खूण करा. मुलांनाही हेल्मेट घालून करू द्या, पण तुम्ही शेजारी उभे राहा. दोन खुणांमधलं अंतर मुलं एकदा स्वतः पावलांनी मोजतील, तर त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. करण्याआधी ब्रेकचं रबर बघून घ्या. त्यातल्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर आधी मिस्त्रीकडे जाऊन ते बदला, आणि चाकात आउट असेल तर तोही काढून घ्या.

पुढच्या आठवड्यात: पावसातली संध्याकाळ आणि सायकलचे दिवे.