रेंजफाइंडरला आरसा जोडला, तर?

लायका एम-3 सारखा रेंजफाइंडर कॅमेरा हातात असला की माणसांचे, रस्त्यावरचे फोटो छान निघतात. अडचण येते ती दोन टोकांना. एक, फुलावरचा किडा. दुसरं, लांबच्या फांदीवरचा पक्षी. असं का होतं, ते आधी बघू.

या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो. वस्तू फार जवळ आली की खिडकीतलं दृश्य आणि लेन्सला दिसणारं दृश्य जुळत नाही. लांबच्या वस्तूची अडचण वेगळी. अंतर मोजणाऱ्या दोन खिडक्यांमध्ये जेमतेम 7 सेंटिमीटर अंतर असतं. 135 मिलिमीटरच्या पुढच्या लेन्सला लागणारी अचूकता त्यातून मिळत नाही.

1956 मध्ये लायकाने 50 मिलिमीटरची एक समिक्रॉन लेन्स चष्म्यासह आणली. हा चष्मा खिडक्यांपुढे बसवला की सुमारे 48 सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. पण किड्यासाठी तेवढं पुरत नाही.

मग दुसरा उपाय, व्हिझोफ्लेक्स. म्हणजे काय, तर कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी आरशाची पेटी. लेन्समधून आलेली प्रतिमा आरशामुळे वरच्या दुधी काचेवर पडते. आता जे दिसतं तेच फिल्मवर येणार! रेंजफाइंडरचं कामच उरत नाही.

पण या पेटीमुळे लेन्स सुमारे 4 सेंटिमीटर पुढे सरकते. 50 मिलिमीटरची लेन्स मग दूरचं स्पष्ट दाखवू शकत नाही. मात्र जवळची वस्तू जवळपास खऱ्या आकारात टिपते. लांब पल्ल्यासाठी 200, 280, 400 मिलिमीटरच्या टेलिट लेन्स पेटीचा हिशेब धरूनच बनवलेल्या होत्या.

याची किंमतही मोजावी लागते. वजन वाढतं, हालचाली मंदावतात. प्रतिमा खऱ्या आकाराची घ्यायची तर चौपट एक्स्पोजर लागतं, आणि एम-3 मध्ये मीटर नसल्याने तो हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

म्हणून आपण स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : असे फोटो आपण किती वेळा काढतो? वर्षातून चार-दोनदा असेल, तर पेटी पुरे. दर रविवारी पक्षी टिपायचे असतील, तर सरळ एसएलआर घ्यावा. जोडकाम अधूनमधूनच्या गरजेसाठी असतं, रोजच्या कामासाठी नाही.